गाडीची ताकद वाढवण्याआधी: टर्बो पेट्रोल गाड्यांच्या मालकांसाठी माहितीपत्रक

वर्कशॉपमध्ये पाय ठेवताच बहुतेक जण एकच विचारतात, "किती बीएचपी (अश्वशक्ती) वाढेल?" गाडी तपासल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही, आणि त्यामुळे काही जण नाराज होऊन दुसरीकडे जातात. जावोत. तुमची गाडी आज कुठे कमी पडते आहे, हे आधी कळलं पाहिजे. टाकीतलं पेट्रोल, टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा इंटरकूलर, गिअरबॉक्सचा क्लच की ब्रेक? पैसा तिथे घालायचा. तसं न करता वरून ताकद ओतली, तर ती त्याच जागी बाहेर पडते आणि बिल मोठं येतं.

वाढीव ताकद येते कुठून

टर्बो इंजिन (एक्झॉस्टच्या जोरावर सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबणारं) कारखान्यातून बाहेर पडतं तेव्हा त्यात थोडी ताकद राखून ठेवलेली असते. कंपनीला तेच इंजिन कडाक्याच्या थंडीत, राजस्थानच्या उन्हाळ्यात, वाईट पेट्रोलवर आणि सर्व्हिसिंग चुकवणाऱ्या मालकाच्या हातातही टिकवायचं असतं. रिमॅप करताना आम्ही ईसीयूमधले, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातले, टर्बोचा दाब, ठिणगीची वेळ आणि इंधनाचं प्रमाण यांचे तक्ते बदलतो आणि त्या राखीव साठ्यातला काही भाग वापरायला काढतो. म्हणजे तुमच्या गाडीचा सुरक्षेचा वाव तेवढा कमी होतो. हे कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही पहिल्याच पानावर छापलं आहे.

उदाहरण म्हणून स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस घ्या. भारतात 2017 साली आलेल्या गाडीत दोन लिटरचं टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन 230 पीएस (बीएचपीच्या जवळपासचंच माप) ताकद आणि 350 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देत होतं. 2020 सालची व्हीआरएस 245 पीएस आणि 370 न्यूटन मीटरची. याच कुळातलं इंजिन युरोपातल्या फोक्सवॅगन गोल्फ आरमध्ये 300 पीएसच्या आसपास जातं, पण तिथे टर्बो मोठा आहे. त्यामुळे "इंजिन तेच आहे, मग माझंही 300 का नाही?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्या टर्बोच्या आकारात आहे. नुसत्या सॉफ्टवेअरने, म्हणजे ज्याला सगळे स्टेज 1 म्हणतात त्याने, टर्बो पेट्रोल गाडीत साधारण 15 ते 30 टक्के वाढ मिळते. खर्च म्हणाल तर चांगल्या कंपनीच्या चार टायरच्या सेटइतका.

विनाटर्बो इंजिनाची गोष्ट वेगळी. फोर्ड मस्टँगचा पाच लिटरचा व्ही-8 भारतात 401 पीएसचा आला. त्याला फिल्टर, एक्झॉस्ट आणि रिमॅप असं सगळं केलं तरी पाच-सात टक्क्यांच्या वर फारसं काही हाती लागत नाही, कारण सिलिंडरमध्ये कोंबायला जास्तीची हवाच नाही. तिथे खरी वाढ हवी असेल तर सुपरचार्जर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून हवा कोंबणारा पंप), आणि तो खर्च ऐकून बरेच जण चहा पिऊन परत जातात.

"स्टेज" या शब्दाला कुठलंही ठरलेलं माप नाही, हेही लक्षात ठेवा. स्टेज 1 म्हणजे फक्त सॉफ्टवेअर, स्टेज 2 म्हणजे डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप), इंटरकूलर, इनटेक (हवा आत घेणारा मार्ग), आणि स्टेज 3 म्हणजे मोठा टर्बो, असा बाजारातला ढोबळ समज आहे. प्रत्यक्षात प्रत्येक ट्यूनर आपापली व्याख्या करतो. कोटेशन हातात आलं की स्टेजचा आकडा सोडा आणि कुठला भाग बदलणार, ते नावानिशी लिहून मागा.

पेट्रोल आणि उष्णता

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ टाकीत असतं. रिमॅप एका ठरावीक ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिलेला असतो; ऑक्टेन जितकं जास्त, तितकं पेट्रोल अवेळी पेटायला कठीण. 100 ऑक्टेनचा मॅप घालून घेतला आणि नंतर कंटाळा करून साधं पेट्रोल भरलं, की नॉकिंग सुरू होतं. ठिणगीने पेटवलेली ज्योत अजून सिलिंडरभर पसरायची असतानाच कोपऱ्यातलं मिश्रण दाब आणि उष्णतेने आपोआप भडकतं. नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू ठिणगी उशिरा देऊ लागतो. गाडी वाचते, पण पैसे देऊन घेतलेली ताकद तिथेच गळते. 100 ऑक्टेनचं पेट्रोल मोजक्याच पंपांवर मिळतं. तुमच्या रोजच्या वाटेवर असा पंप नसेल तर 95 चा मॅप घ्या. आकडा थोडा कमी दिसेल, पण तो रोज मिळेल.

आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल नॉकिंग रोखायला चांगलं असतं, हे खरं. पण त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे तेवढ्याच ताकदीसाठी इंजेक्टरला जास्त इंधन सोडावं लागतं. स्टॉक, म्हणजे काहीच न बदललेल्या, गाडीत हे खपून जातं. स्टेज 2 मध्ये हाय-प्रेशर पंप आधीच टोकाला पोचलेला असतो, म्हणून अशा गाड्यांचा इंधनदाब आम्ही वेगळा तपासतो.

उष्णतेचं म्हणाल तर डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रापाशी, उभं राहून एकदा बघाच. एप्रिलमधली दुपार, शेडमध्ये 39 अंश. पहिल्या धावेत इनटेकच्या हवेचं तापमान 46 दिसतं आणि आलेख छान वर चढतो. लगेच दुसरी धाव, तापमान 57. तिसरीत 66, आणि पडद्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या ठिणगीची वेळ (ती इंजिनाच्या फिरण्याच्या अंशांत मोजतात) साडेचार अंश मागे खेचलेली. ताकदीची रेषा साडेचार हजार आरपीएमनंतर पहिल्या रेषेच्या खाली झुकते. पार्ट तेच, सॉफ्टवेअर तेच. कमी पडला तो कारखान्याचा इंटरकूलर. ज्यांना पहिल्या धावेचा कागद हवा आहे त्यांना तो कुणीही देईल. आम्ही तिसऱ्या धावेचा कागद देतो. पुण्या-साताऱ्यात गाडी चालवणाऱ्याने सॉफ्टवेअरनंतरचा पहिला रुपया इंटरकूलरवर घालावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. एक्झॉस्ट नंतर.

आणखी एक सवय मोडायची आहे. लहान, थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात पाचव्या-सहाव्या गिअरला दीड हजार आरपीएमवर पेडल तळाला नेऊ नका. या स्थितीत ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो आणि तो एकच फटका पिस्टनची कड तोडू शकतो. म्हणून आमच्या मॅपमध्ये खालच्या आरपीएमला टॉर्क मुद्दाम आवरलेला असतो. "खालून पिकअप अजून द्या की" असा आग्रह झाला तरी तेवढं आम्ही ऐकत नाही.

गिअरबॉक्स काय म्हणतो

फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयच्या 1.2 लिटर इंजिनाचा मूळ टॉर्क 175 न्यूटन मीटर. तिचा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) 250 न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे. स्टेज 1 नंतर गाडी त्या मर्यादेला जवळजवळ टेकते. पुढे जायचं तर इंजिन तयार असतं, क्लच नसतो. सिग्नलवर थरथर जाणवत असलेली पोलो आमच्याकडे आली तर आधी क्लच, मग बाकी सगळं.

व्हीआरएस 230 मधला सहा गिअरचा ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचचा डीएसजी कंपनीच्या कागदावर 350 न्यूटन मीटरचा आहे, म्हणजे मूळ गाडीच काठोकाठ भरलेली. व्यवहारात तो त्याहून बरंच जास्त सोसतो, पण त्यासाठी गिअरबॉक्सचंही सॉफ्टवेअर बदलून क्लचचा दाब वाढवावा लागतो आणि त्याचं तेल वेळच्या आधी बदलावं लागतं. बीएमडब्ल्यू एम340आय किंवा झेड4 एम40आय वाल्यांना इथे काळजी कमी. त्यांचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक दणकट आहे आणि सहा सिलिंडरचं बी58 इंजिनही.

बाहेरचे पार्ट, थोडक्यात

सायलेन्सर बदलल्याने आवाज वाढतो, ताकद जवळपास नाही. बॉनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर लावला तर तो इंजिनाचीच गरम हवा ओढतो; बंद डब्यातला किंवा मूळ खोक्यात बसणारा घ्या. तेल लावायचे कापडी फिल्टर जास्त तेल लावून बसवले की हवा मोजणारा सेन्सर खराब होतो. गिअर बदलताना "फुस्स" आवाज करणारा व्हॉल्व्ह हा निव्वळ हौसेचा भाग आहे, आणि हवा मोजून इंधन सोडणाऱ्या गाड्यांत तो मिश्रण बिघडवतो. ऑनलाइन मिळणारे, ओबीडी पोर्टमध्ये (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये) खोचायचे हजार रुपयांचे डबे आम्ही उघडून पाहिले आहेत. आत दिवा लुकलुकतो. बाकी काही नाही.

स्पार्क प्लग मात्र दुर्लक्षित आणि मोलाचे. वाढीव दाबाला एक दर्जा थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग लागतो आणि ठिणगीची फटही थोडी कमी ठेवावी लागते, नाहीतर जोर लावल्यावर ठिणगी विझते आणि गाडी अडखळते. लोक टर्बोला दोष देतात.

डायनोचा आकडा कसा वाचायचा

डायनो चाकावरची ताकद मोजतो, कंपनी इंजिनाची सांगते. मधला फरक ड्राइव्हट्रेननुसार (इंजिनापासून चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या भागांनुसार) 12 ते 20 टक्क्यांचा असू शकतो, आणि तो मिळवून किती दाखवायचा हे चालवणाऱ्याच्या हातात असतं. दुसरी मेख हवेची. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच. हवेचा दाब कमी म्हणून डायनोचं सॉफ्टवेअर आकडा सात-आठ टक्के वर नेतं. विनाटर्बो गाडीसाठी हे रास्त आहे. टर्बो गाडीत मात्र ईसीयू टर्बो जोरात फिरवून ती तूट बरीचशी आधीच भरून काढतो, त्यामुळे ही दुरुस्ती म्हणजे बऱ्याच अंशी फुकटची ताकद. आमच्या कागदावर दुरुस्त आणि मूळ, दोन्ही आकडे असतात. इतर कुठे गेलात तरी दोन्ही मागा, आणि रिमॅपच्या आधीची व नंतरची धाव एकाच दिवशी, एकाच डायनोवर घ्यायला लावा. शिखराचा आकडा बघून झाला की 3000 ते 6000 आरपीएममधली रेषा बघा. गाडी चालवताना तुम्ही तिथेच असता.

ब्रेक

ताशी 100 ऐवजी 120 वरून थांबायचं असेल तर ब्रेकला 44 टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते. त्यात ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 दर्जाचं नवं ऑइल किमान 230 अंशांना उकळतं. ओल मुरलेलं 155 अंशांनाही उकळू शकतं. दोन पावसाळे काढलेलं ऑइल घेऊन महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला जोरात उतरलात तर पेडल स्पंजासारखं का लागतं, ते यावरून समजेल. टायर आणि ब्रेक ठीक नसतील तर आम्ही रिमॅप करून देत नाही. यावर घासाघीस नको.

कायदा, विमा, वॉरंटी

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. कलम 182अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, प्रसंगी दोन्ही. आवाज आणि धुराच्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत वेगळा दंड आहे. कॅटलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) काढून देण्याचं काम आम्ही करत नाही, ओळखीतूनही नाही. वाढवलेल्या ताकदीची गाडी खऱ्या अर्थाने चालवायची जागा ट्रॅक: चेन्नईजवळचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवता अपघात झाला तर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. वॉरंटी चालू असेल तर थांबा. "सर्व्हिसिंगला जाताना मूळ सॉफ्टवेअर परत घालून देऊ" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत ईसीयू किती वेळा लिहिला गेला याची नोंद राहते, आणि कंपनीच्या नोंदीत गाडीवर एकदा खूण पडली की ती पुसली जात नाही.

येताना

आरसी, पीयूसी, विम्याची प्रत आणि सर्व्हिसची बिलं आणा. नेहमी भरता तेच पेट्रोल टाकीत किमान अर्धं असू द्या. खास तपासणीसाठी महागडं भरून आणू नका. कॉम्प्रेशन, प्लग, तेलाची गळती आणि इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन आम्ही आधी पाहतो. त्यात काही निघालं तर रिमॅप पुढे ढकलला जाईल आणि तपासणीचे पैसे तेवढे घेतले जातील. गार इंजिनाचाही लॉग घ्यायचा असतो, म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवलेली बरी. डायनोचं काम मंगळवार ते शुक्रवार, सकाळी. शनिवारी फक्त बोलणं आणि चहा.