फिल्मचा रंग सीसीडीत नसतो

जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात सीसीडी प्रकारचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) असतो, म्हणून त्याचे फोटो फिल्मच्या रोलवर काढल्यासारखे दिसतात. नव्या कॅमेऱ्यांतल्या सीमॉस सेन्सरला ती सर नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पण सेन्सर कुठलाही असो, तो मुळात रंगांधळाच. दोन्हींत सिलिकॉनवर पडलेल्या प्रकाशाचा विद्युतभार होतो. फरक आहे तो हा भार वाचून घेण्याच्या पद्धतीत.

रंग येतो वरच्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरांच्या जाळीतून (कोडॅकच्या ब्राइस बायर यांचं १९७६ चं पेटंट), अवरक्त किरण अडवणाऱ्या काचेतून आणि मुख्य म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर जेपेग, म्हणजे फोटोची तयार फाइल, कसं शिजवतं त्यातून. कॅननचा २००५ चा ५डी घ्या. त्याच्या फोटोंना 'अगदी फिल्म' म्हणणारे पुष्कळ भेटतात. सेन्सर? सीमॉस!

उलट एका बाबतीत सीसीडी फिल्मपासून लांबच. निगेटिव्हवर उजेड जास्त झाला तरी तपशील हळूहळू मावळतो. सीसीडीचा पिक्सेल भरला की संपलं, आकाश पांढरंफटक. आणि छोट्या कॅमेऱ्यांचा तो लाडका 'लूक' बराचसा तोंडावर मारलेल्या फ्लॅशचा असतो, हे कुणी सांगत नाही.

जुना कॅमेरा आवडतो ना, मग खुशाल घ्या. सीसीडीच्या नावाखाली जास्तीचे पैसे मात्र मोजू नका. जुन्या ऑलिंपस-फुजीच्या बऱ्याच मॉडेलांना एक्सडी नावाचं वेगळंच मेमरी कार्ड लागतं, ते आधी हाताशी आहे का बघा.