किरणांचा मुकुट आणि उसनं नाव

रोमचं चांदीचं नाणं दिनारियस इ.स.पू. 211 च्या सुमारास आलं. पुढची गोष्ट हळूहळू कस उतरण्याची: इ.स. 64 मध्ये सम्राट नीरोने वजन आणि चांदी दोन्हींना कात्री लावली, सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात चांदी निम्म्यावर आली. दक्षिण भारतात सापडलेले साठे प्रामुख्याने ऑगस्टस-टायबेरियसच्या नाण्यांचे, म्हणजे या घसरणीच्या आधीचे. संग्राहकाची खरी डोकेदुखी 215 पासून सुरू होते.

त्या वर्षी सम्राट कॅराकॅलाने मोठं चांदीचं नाणं काढलं. त्यावरच्या सम्राटाच्या डोक्यावर पानांऐवजी सूर्यकिरणांचा मुकुट. नाणं राणीचं असेल तर खांद्यांखाली चंद्रकोर. आज सगळे त्याला ‘अँटोनिनियानस’ म्हणतात, पण हे नाव काही टांकसाळीतून आलेलं नाही. ते उचललंय एका उत्तरकालीन सम्राटचरित्रांच्या संग्रहातून, आणि त्यातली पत्रं बनावट मानली जातात. कॅराकॅलाचं अधिकृत नाव अँटोनिनस, म्हणून ते याच नाण्याला चिकटलं.

किमतीचाही घोळ आहेच. वजन सुमारे 5 ग्रॅम, दिनारियस 3 ग्रॅमच्या थोडा वर. मग हे नाणं दीड दिनारियसचं की दोनचं? दोन म्हणणारे तांब्या-पितळेच्या नाण्यांकडे बोट दाखवतात: दुप्पट किमतीच्या ‘डुपोंडियस’वर नीरोच्या काळापासून असाच मुकुट दिसू लागतो. मला हे पटतं. दीडाची चांदी देऊन दोनाचं काम भागवणं, सैन्याचे पगार वाढवून बसलेल्या सम्राटाला शोभणारंच. दीडवाल्यांकडे तराजूखेरीज फारसं काही नाही.

219 च्या सुमारास अँटोनिनियानस बंद पडलं, 238 मध्ये परतलं आणि काही वर्षांत त्याने दिनारियसलाच बाजारातून हुसकावलं. ट्रेजन डेशियसच्या वेळी (249–251) तर अँटोनिनियानस पाडायला जुने दिनारियसच पुन्हा ठशाखाली घातले गेले. असं नाणं तिरप्या उजेडात धरलं की नव्या सम्राटाच्या मानेजवळ जुन्याचं नाक किंवा दोन-तीन तुटकी अक्षरं डोकावतात. वजन अर्थातच दिनारियसचं, त्यामुळे नुसता काटा पाहून ओळखणारा इथे फसतो.

260 च्या दशकाअखेरीस, सम्राट गॅलिएनसच्या हरणं नि सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा) असलेल्या नाण्यांत, चांदी शेकड्याला जेमतेम दोन-पाच भाग उरली. जोरात घासलं की वरचा मुलामाही जातो. 274 मध्ये ऑरेलियनने कस थोडा सावरला. तळाशी रोमन अंकांत 21 आला. वीस भाग तांबं, एक भाग चांदी, असा त्याचा बहुमान्य अर्थ.

294 च्या सुमारास डायोक्लेशियनने चांगल्या चांदीचं नाणं पुन्हा काढलं, तेव्हा त्यावर पानांचा मुकुट परतला. किरणांचा उरला तो चांदी नसलेल्या लहान तांब्याच्या नाण्यावर.