टेक्सासमधली हद्दवाढ आणि ‘मड’चं कर्ज

ह्यूस्टनजवळ केटी, सायप्रस भागात घर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या मालमत्ता कराच्या बिलावर शहराचा कर नसतो, ‘मड’चा असतो. मड म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. पाणी, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा निचरा बघणारं हे पाच संचालकांचं सरकारी मंडळ. आधी बिल्डर पदरचे पैसे घालून वाहिन्या टाकतो. घरं उभी राहू लागली की मड रोखे काढून ते पैसे परत करतं आणि रहिवासी दर 100 डॉलर मूल्यामागे कर भरून रोखे फेडत राहतात.

शहराला असा भाग हद्दीत घ्यायचा तर मालमत्तेबरोबर हे कर्जही अंगावर येतं. त्यातून नुसता मॉलचा तुकडा उचलून घरं आणि रोखे मागे ठेवणंही कायद्याला सहसा चालत नाही. म्हणून शहरं वाट बघत: वस्ती भरू द्यायची, रोखे बरेचसे फिटू द्यायचे, मग ठराव करायचा.

1963 च्या कायद्याने दोन गोष्टी ठरवल्या. वर्षाला हद्दवाढ शहराच्या क्षेत्रफळाच्या 10 टक्क्यांपर्यंतच. न वापरलेला वाटा साठवला तरी कमाल 30 टक्के. आणि हद्दीबाहेर शहराचा एक राखीव पट्टा, ‘ईटीजे’ (एक्स्ट्राटेरिटोरियल ज्युरिस्डिक्शन): लाखावर लोकसंख्येच्या शहराला 5 मैलांचा. या पट्ट्यात मड काढायला शहराची संमती लागे. आज संमती, उद्या विलीनीकरण, असा तो अलिखित सौदा होता. रहिवाशांना मात्र त्यात कुणी विचारत नसे.

1996 मध्ये ह्यूस्टनने किंगवूड हे उपनगर रहिवाशांचा विरोध डावलून हद्दीत घेतलं आणि प्रकरण पेटलं. 1999 च्या दुरुस्तीने तीन वर्षं आधी आराखडा जाहीर करणं बहुतेक ठिकाणी बंधनकारक केलं. माझ्या मते ही मलमपट्टीच होती. मतदानाचा हक्क तरीही नव्हता. तो 2017 मध्ये मिळाला, तोही नियमित अधिवेशनाच्या शेवटी राज्याचे सिनेटर मेनेंडेझ यांनी भाषण लांबवून तो देणारं विधेयक पाडल्यावर, विशेष अधिवेशनात. पाच लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) हद्दीत घ्यायच्या भागात 200 किंवा जास्त लोक राहत असतील तर निवडणूक, कमी असतील तर निम्म्याहून अधिक मतदारांच्या सह्या. 2019 मध्ये हाच नियम जवळजवळ राज्यभर लागू झाला.

आधी झालेले करार मात्र टिकले. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड शहराने डिसेंबर 2017 मध्ये ग्रेटवूड आणि न्यू टेरिटरी हे वस्तीचे भाग मतदानाशिवाय हद्दीत घेतले, कारण तिथल्या मडांशी आधीच तसा करार होता. ह्यूस्टन तर बऱ्याच मडांत फक्त दुकानांपुरती मर्यादित हद्दवाढ करून विक्रीकर घेतं आणि त्यातला वाटा मडला देतं. रहिवासी बाहेरच राहतात.

2023 च्या कायद्याने पट्टाही सैल केला. निम्म्याहून अधिक मतदारांनी किंवा मूल्याच्या हिशेबाने बहुसंख्य जमीनमालकांनी अर्ज केला की, काही अपवाद सोडता, शहराला ती जमीन ईटीजेतून सोडावी लागते. मग तिथे मड काढायला त्या शहराची संमती लागत नाही.