पक्षाघाताचे शीघ्र निदान : कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग

मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद पडून किंवा फुटून येणारा पक्षाघात (स्ट्रोक) लवकर ओळखण्यासाठी संगणकीय प्रणालींचे साहाय्य घेण्याची पद्धत. ती प्रामुख्याने सीटी व एमआरआय प्रतिमांच्या वाचनात रुजली आहे. मोठी रोहिणी (हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी) बंद पडल्यास मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. तो सरासरीचा असून रुग्णागणिक वेग बराच बदलतो. गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत आणि रक्तस्राव नसल्याची खात्री करूनच देतात.

पद्धतीचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद संभवतात. कॅनडातील कॅलगरीच्या संशोधकांनी २००० मध्ये ‘ॲस्पेक्ट्स’ ही गुणांकनपद्धती प्रसिद्ध केली. मध्य मस्तिष्क रोहिणी (मेंदूची एक मोठी रोहिणी) रक्त पुरवते त्या क्षेत्राचे दहा भाग कल्पून, साध्या सीटीत इजा दिसणाऱ्या प्रत्येक भागामागे दहांतून एक गुण वजा करतात. सुरुवातीच्या तासांत ही इजा इतकी पुसट असते, की दोन तज्ज्ञांचे गुण सहसा तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे पुढे या गुणांकनाची संगणकीय रूपे निघाली. दुसरा दावा स्टॅनफर्ड येथे विकसित झालेल्या ‘रॅपिड’ प्रणालीचा. निरोगी ऊतीच्या तुलनेत रक्तप्रवाह ३० टक्क्यांहून कमी असलेला भाग ती मृत गाभा मानते, तर रक्त पोहोचण्याचा विलंब दाखवणारे ‘टीमॅक्स’ हे मूल्य ६ सेकंदांहून अधिक असलेला भाग रक्तपुरवठा खालावलेला मानते; दोहोंतील तफावत म्हणजे वाचवता येण्याजोगी ऊती. ‘डॉन’ व ‘डिफ्यूज ३’ या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत रुग्णनिवडीसाठी तिचा आधार घेतला गेला आणि यांत्रिक रीतीने गुठळी काढण्याची मुदत निवडक रुग्णांपुरती अनुक्रमे २४ व १६ तासांपर्यंत लांबली. मात्र या मर्यादा माणसांनी ठरवलेल्या आहेत, यंत्राने उदाहरणांवरून शिकलेल्या नाहीत. म्हणून फेब्रुवारी २०१८ हा टप्पा अधिक ग्राह्य वाटतो. त्या महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘व्हिझ.एआय’ कंपनीच्या प्रणालीला परवानगी दिली. सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या सीटी चित्रणात) मोठी रोहिणी बंद असल्याचा संशय आल्यास ती तज्ज्ञाच्या मोबाइलवर सूचना धाडते. परवानगी कोणता रुग्ण आधी पाहावा याचे प्राधान्य लावण्यापुरती होती, निदानाची नव्हे. हा भेद प्रचारात बहुधा गळतो.

अशा प्रणालीची ह्यूस्टनमधील चार केंद्रांत टप्प्याटप्प्याने चाचणी झाली (प्रसिद्धी २०२३). रुग्ण दाखल झाल्यापासून गुठळी काढण्याची प्रक्रिया सुरू होईपर्यंतचा वेळ सरासरी सुमारे ११ मिनिटांनी घटला. या लाभात प्रतिमावाचनाइतकाच त्वरित निरोपाचाही वाटा असावा.

रक्तस्राव साध्या सीटीतही ठळक दिसतो, त्यामुळे तो ओळखणे यंत्राला तुलनेने सोपे जाते. भारतातील ३ लाखांहून अधिक मस्तकाच्या सीटींवर आधारलेले ‘क्युअर.एआय’ या कंपनीचे अध्ययन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूच्या मागील भागातील आणि लहान, दूरच्या वाहिन्यांतील अडथळे मात्र अधिक निसटतात. ‘ॲस्पेक्ट्स’च्या मूळ मांडणीत तर मागील भाग येतच नाही.

रुग्णालयापूर्वीच्या टप्प्यावरील काम तुरळक आहे. कोपनहेगन येथे वैद्यकीय मदतवाहिनीवरील संभाषणांतून पक्षाघात ओळखण्याचे संगणकीय प्रतिमान (मॉडेल) तपासले गेले (२०२३). ही तपासणी जुन्या ध्वनिमुद्रणांवर झाली. हृदयाची लय नियमित असतानाच्या ईसीजीवरून अनियमित अलिंद-स्पंदनाचा (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या बिघडलेल्या लयीचा) माग काढणारे मेयो क्लिनिकचे संशोधन (२०१९) पक्षाघाताच्या धोक्याशी निगडित आहे, पक्षाघात ओळखण्याशी नव्हे. म्हणून त्याचा येथे केवळ निर्देश.