हॉस्टेलच्या लॅन पॉइंटला स्वतःचा राउटर: नियम नेमका कशासाठी?

नेरूळ-खारघरच्या हॉस्टेलांत आणि पीजींत एक समज पक्का आहे: राउटरबंदी म्हणजे पैसे उकळायचा धंदा, आपण राउटर लावला तर शेजाऱ्याचं काय जातं?

बरंच काही जातं. भिंतीतली केबल राउटरच्या वॅन (बाहेरचं नेट आत घेणाऱ्या) पोर्टाऐवजी लॅन (आतली उपकरणं जोडायच्या) पोर्टात खोचली (बहुतेकदा हेच होतं), की राउटरचा डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देणारी सोय) मजल्यावरच्या सगळ्यांना आयपी वाटायला लागतो. ज्याला आधी तुमच्या राउटरचं उत्तर मिळालं, त्याचा गेटवे (नेटकडे जायचं दार) १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ होतो. तिथून बाहेर रस्ताच नाही. वायफाय ‘कनेक्टेड’, नेट बंद. तेही काहींचंच, म्हणून दोष शोधणं वैतागवाणं. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) चालवून गेटवे तपासा. हॉस्टेलच्या स्विचवर (खोल्यांच्या केबली जोडणाऱ्या पेटीवर) डीएचसीपी स्नूपिंग (परक्या डीएचसीपीची उत्तरं अडवणारी सोय) चालू असेल तर हा घोळ तिथेच अडतो, पण स्वस्तातल्या अनमॅनेज्ड (सेटिंग बदलता न येणाऱ्या) स्विचवर ती सोयच नसते.

स्पीडही वाढत नाही; मर्यादा हॉस्टेलच्या नेटवर्कवरच लावलेली असते.

परवानगी मिळाली तर केबल वॅनमध्येच लावा, वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याला २० मेगाहर्ट्झ चॅनेल-रुंदी आणि १, ६ किंवा ११ चॅनेल ठेवा. पासवर्ड मात्र वाटू नका: राउटरमागचे सगळे फोन हॉस्टेलच्या नोंदीत तुमच्याच नावावर दिसतात.