एआयचं चित्र छापखान्यापर्यंत नेताना

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचं काम घेऊ. संपादकांना हवी आहे नऊवारी नेसून आकाशकंदील टांगणारी बाई, मागे चाळीची गॅलरी आणि वर अंकाचं नाव. पूर्वी चित्रकार दोन-तीन कच्ची स्केचेस दाखवायचा, त्यातलं एक पसंत पडलं की रंगकामाला बसायचा. आता हेच वर्णन इमेज जनरेटरला दिलं की मिनिटाभरात चार पूर्ण रंगवलेली चित्रं समोर येतात. पाहणाऱ्याला वाटतं, काम झालं. पण छापण्याजोगं मुखपृष्ठ अजून बरंच लांब असतं. ते का, हे समजायचं तर यंत्र चित्र कसं तयार करतं ते आधी पाहायला हवं.

ऑगस्ट २०२२मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं स्टेबल डिफ्यूजन हे चित्र बनवणारं एआय मॉडेल उदाहरणाला सोयीचं आहे, कारण त्याची आतली रचना उघड आहे. त्याला शिकवताना एखादं चित्र घेऊन त्यावर थोडा थोडा विस्कळीतपणा मिसळत जातात. शेवटी जुन्या टीव्हीवर केबल निघाल्यावर दिसायच्या तशा नुसत्या मुंग्या उरतात. मॉडेलला एकच गोष्ट शिकवलेली असते: समोरच्या चित्रात मिसळलेला विस्कळीतपणा किती आणि कुठे आहे, हे ओळखायचं. चित्र बनवताना ते निव्वळ मुंग्यांपासून सुरुवात करतं आणि २० ते ५० टप्प्यांत विस्कळीतपणा वजा करत जातं. प्रत्येक टप्प्यावर प्रॉम्प्टमधले, म्हणजे आपण दिलेल्या वर्णनातले, शब्द त्याला दिशा देतात. आधी बाह्यरेषा, मग रंग, मग बारकावे असा चित्रकाराचा क्रम इथे नसतो. संपूर्ण चौकटीतले मोठे उजेड-अंधार पहिल्या टप्प्यांत ठरतात आणि नथीचा मोती अगदी शेवटी उमटतो. म्हणूनच रचना चुकली असेल तर टप्पे वाढवून ती सुधारत नाही. सीड बदलून नव्याने सुरुवात करावी लागते.

सीड म्हणजे सुरुवातीच्या मुंग्या कोणत्या, हे ठरवणारा आकडा. मॉडेल, प्रॉम्प्ट, सेटिंग आणि सीड तेच ठेवलं, की चित्र तेच येतं. त्यामुळे पसंत पडलेल्या चित्राचा सीड लागलीच लिहून ठेवावा. प्रॉम्प्टला किती घट्ट धरायचं याचाही एक आकडा असतो, साधारण ७. तो १५-२० वर नेला की रंग भडक होतात, सावल्या करपल्यासारख्या दिसतात.

आता बोटांचा प्रश्न: अशा चित्रांत हाताला कधी सहा बोटं येतात, ते का? स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्या ५१२ × ५१२ पिक्सेलच्या चित्रावर थेट काम करत नाहीत. तीन रंग धरले तर अशा चित्रात ७,८६,४३२ आकडे होतात. ते आधी ६४ × ६४ चौकटींच्या चार थरांत, म्हणजे १६,३८४ आकड्यांत दाबले जातात. आकडे ४८ पटींनी कमी झाले की काम हलकं होतं, म्हणून घरच्या ग्राफिक्स कार्डवरही ते चालतं. पण एका चौकटीत मूळचे ८ × ८ पिक्सेल जातात. बाई पायापासून डोक्यापर्यंत दाखवली, तर तिची मूठ जेमतेम ३० पिक्सेलची असते, म्हणजे चार चौकटी लांब आणि चार रुंद. त्या सोळा चौकटींत पाच बोटं, हिरव्या बांगड्या आणि कंदिलाची दोरी कशी मावणार? शिवाय बोटं मोजण्याची सोय आत कुठेच नसते. नव्या मॉडेलांमध्ये चारऐवजी सोळा थर आले, चित्राचा आकारही वाढला आणि हात पुष्कळ सुधारले. छोट्या आकृत्यांच्या घोळक्यात मात्र तीच अडचण अजून दिसते.

यावरचा उपाय दुखण्याच्या कारणातूनच निघतो. इनपेंटिंगमध्ये, म्हणजे चित्राचा एकच भाग नव्याने बनवताना, फक्त मुठीवर मास्क (बदलायच्या भागाची खूण) काढायचा, कडेला मनगटाचा थोडा भाग घ्यायचा आणि 'फक्त मास्कचा भाग' हा पर्याय निवडायचा. मग प्रोग्रॅम तेवढाच तुकडा कापून पूर्ण ५१२ किंवा १०२४ पिक्सेलपर्यंत मोठा करतो, तिथे नव्याने चित्र बनवतो आणि लहान करून जागच्या जागी बसवतो. सोळा चौकटींच्या जागी आता हजारो चौकटी मुठीच्या वाट्याला येतात. बदलाची तीव्रता (० म्हणजे काहीच बदल नाही, १ म्हणजे पूर्ण नवं) ०.४ ते ०.६ ठेवावी. ०.२ वर सहावं बोट जात नाही आणि ०.८ च्या पुढे मूठ दुसऱ्याच दिशेला वळलेली मिळते. इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: कागदावर मुठीचं साधं रेखाटन करून ते खाली ठेवलं, तर हे काम कित्येक पटींनी लवकर होतं. २०२३मध्ये आलेल्या कंट्रोलनेटमुळे हातच्या रेषा, शरीराची ठेवण किंवा दृश्यातलं जवळ-दूरपण यांचा नकाशा देऊन चित्राला त्या मापात बांधता येतं. ज्याचा हात रेखाटनाला सरावलेला आहे, त्याला या साधनातून सर्वाधिक मिळतं. ज्याला रेखाटता येत नाही, तो सीड बदलत नशीब आजमावत बसतो.

नऊवारीची गोष्ट वेगळी आहे. तिथे दोष चौकटींचा नाही, शिकवणीचा आहे. ही मॉडेलं इंटरनेटवरच्या अब्जावधी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकली आहेत. लायन-५बी या संचात अशा ५८५ कोटी जोड्या होत्या. त्यांत साडी नेसलेल्या बायका पुष्कळ, पण 'नऊवारी' असं नाव लिहिलेली चित्रं तुलनेने फार थोडी. म्हणून बहुतेक वेळा सहावारीच्या निऱ्या येतात, कासोटा येतच नाही किंवा धोतरासारखा पुढून दिसतो. मोत्यांच्या नथीच्या जागी गोल रिंग येते, चंद्रकोरीच्या जागी टिकली. 'भारतीय पारंपरिक' असं लिहिलं तर हे आणखी बिघडतं, कारण मग यंत्र सगळ्या प्रांतांची सरासरी काढतं. उपाय म्हणजे पोशाख नावाने न सांगता दिसतो तसा सांगायचा: कापड दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचलेलं, पोटऱ्या थोड्या उघड्या, पदर डोक्यावर नाही. तेवढ्याने भागलं नाही तर स्वतः काढलेल्या १५ ते ३० फोटोंवर किंवा चित्रांवर लोरा नावाची छोटी जोड-फाइल शिकवता येते. फोटो वेगवेगळ्या कोनांतून आणि वेगवेगळ्या उजेडात हवेत. सगळे एकाच बाईचे असले तर पुढे प्रत्येक चित्रात तिचाच चेहरा येतो. शिकवणी लांबली तर फोटोंतली मागची भिंतसुद्धा उतरते.

वारलीचं तर सांगूच नये. दोन त्रिकोणांची माणसं मिळतात, पण तारपा वाजवणाऱ्याभोवती एकमेकांना धरून फिरणारी नाचणाऱ्यांची ओळ वाटेल तिथे तुटते. ज्या समाजाची ती कला आहे, त्याच्याच चित्रकाराला हे काम द्यावं. त्याला दुसरा पर्याय मला दिसत नाही.

अंकाचं नाव चित्रात यंत्राकडून लिहून घेऊ नये. जुन्या मॉडेलांमध्ये प्रॉम्प्ट वाचणारा भाग मुख्यतः इंग्रजीवर शिकलेला आहे आणि एका वेळी शब्दांचे ७७ तुकडेच वाचतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइटचं असतं, म्हणजे 'दिवाळी' या शब्दाचे १८ बाइट होतात, आणि अनोळखी लिपीचे तुकडे बाइटच्या पातळीवर पडतात. पाच-सात शब्दांचं मराठी वाक्य टाकलं की जागा भरत येते आणि अर्थही पोचत नाही. नव्या मॉडेलांना मराठी समजते, लॅटिन अक्षरंही ती बरी काढतात, पण जोडाक्षर, रफार आणि ळ यांत अजून चुका होतात. वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, शिरोरेखा मध्येच तुटते. म्हणून वरचा तिसरा हिस्सा मोकळ्या आकाशासाठी राखावा आणि अक्षरं वेगळ्या लेअरवर, युनिकोड फॉन्टने किंवा हाताने काढून व्हेक्टर करून बसवावीत. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर घ्यावा. चार शाई एकावर एक छापून केलेला काळा छापताना किंचित हलला तरी अक्षरांना रंगीत कडा दिसते.

छापखान्यात पहिली ठेच आकाराची लागते. ए-४ मुखपृष्ठाला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरलं तर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २५५१ × ३५७९ पिक्सेल लागतात. १०२४ पिक्सेलच्या घरात काम करणाऱ्या मॉडेलचं उभं चित्र साधारण ८३२ × १२१६ असतं. ते तसंच छापलं तर रुंदी जेमतेम ७ सेंटिमीटर भरेल. मॉडेलला एकदम मोठं चित्र मागितलं तर एका धडाला दोन डोकी येण्याचा धोका असतो, कारण तेवढ्या मापावर त्याची शिकवणी झालेली नसते. म्हणून अपस्केलरने, म्हणजे चित्र मोठं करणाऱ्या प्रोग्रॅमने, चौपट करून मग कापावं. मात्र अपस्केलर नसलेले बारकावे स्वतः भरतो: जरीच्या काठावर मुळात नसलेली वेलबुट्टी उगवते, भिंतीच्या पोपड्यांत चेहरे दिसू लागतात. पूर्ण आकारात चित्र उघडून कोपऱ्याकोपऱ्यातून पाहावंच लागतं.

दुसरी ठेच रंगाची. स्क्रीनवर झळाळणारा केशरी कंदील आणि गडद निळी रात्र चार शाईंमध्ये तशी येत नाही. केशरी मळकट होतो, निळा जांभळ्याकडे झुकतो. छापखान्याकडून कागदाचा प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) मागून घ्यावा, चित्र सीएमवायके, म्हणजे चार शाईंच्या रंगांत, करून पाहावं आणि कंदील उजळ करण्यापेक्षा त्याच्याभोवतीचा अंधार दाबावा. आर्ट पेपरवर चारही शाईंची बेरीज (प्रत्येक शाई कमाल १०० टक्के) साधारण ३०० टक्क्यांच्या आत ठेवावी, नाहीतर ओली शाई मागच्या पानाला लागते.

हे सगळं पाहिलं की कामाचा भार कुठे सरकला ते कळतं. पहिल्या कल्पनेपर्यंत पोचायला लागणारा वेळ घटला. त्याबरोबर आतल्या पानांची छोटी चित्रं, जाहिरातीचे स्टोरीबोर्ड, स्टॉक चित्रं यांवर ज्यांचं घर चालायचं त्यांच्या हातचं काम जाऊ लागलं. हे खरं नुकसान आहे, कारण नवे चित्रकार याच कामांवर हात बसवायचे. त्यातच त्यांची चित्रं न विचारता शिकवणीत वापरली गेली. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३मध्ये ग्लेझ नावाचं मोफत साधन काढलं. ते चित्रात डोळ्यांना सहज न जाणवणारे बदल करून शैलीची नक्कल अवघड करतं. पूर्ण संरक्षण ते देत नाही, तरी इंटरनेटवर चित्र टाकण्याआधी वापरावं.

हक्कांचा प्रश्न व्यवहारात लगेच येतो. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३मध्ये एका कॉमिकबाबत मजकूर आणि मांडणीला संरक्षण दिलं, पण नुसत्या प्रॉम्प्टमधून आलेल्या चित्रांना नाकारलं. भारताच्या १९५७च्या कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने एक तरतूद आली: संगणकाने निर्माण केलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती. ती लिहिली गेली तेव्हा असली यंत्रं नव्हती. त्यामुळे मानवी हातचं काम दाखवता येणं चित्रकाराच्या हिताचं आहे. कच्चं रेखाटन, सीड आणि मॉडेलची आवृत्ती, मास्क केलेले भाग आणि सगळे लेअर तारखेसह जपून ठेवावेत. बिलात कल्पना, दुरुस्ती, अक्षरलेखन आणि छपाईची तयारी यांच्या वेगळ्या ओळी असाव्यात. 'चित्र तर यंत्राने काढलं, पैसे कसले?' असं कुणी विचारलं तर मुठीच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन फाइल शेजारी ठेवून दाखवाव्यात.