लिव्हिंग विल: अतिदक्षता विभागात कागद नेमका कुठे अडतो

बरे होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला निर्देश म्हणजे लिव्हिंग विल. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. परंतु तेव्हाची प्रक्रिया इतकी जाचक होती की जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयालाच ती सोपी करावी लागली. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आता लागत नाही. सज्ञान व सुदृढ मनाच्या कोणत्याही व्यक्तीने दोन, शक्यतो त्रयस्थ, साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून दस्तऐवज साक्षांकित करून घ्यावा. ओळखपत्र जवळ ठेवावे.

खरी अडचण मजकुरात असते. ‘शेवटी नळ्या लावू नका’ एवढेच लिहिले, तर डॉक्टरांना त्यावरून काहीच ठरवता येत नाही, आणि संदिग्ध निर्देश अमलात आणू नये असे निकालातच म्हटले आहे. म्हणून कोणत्या अवस्थेत व्हेंटिलेटर, डायलिसिस किंवा नळीवाटे अन्न नको, हे स्पष्ट लिहावे. आपल्या वतीने संमती देणाऱ्या नातेवाइकांची नावेही त्यात हवीत. एकापेक्षा अधिक नावे देता येतात, ती द्यावीत. एकुलता एक मुलगा परदेशात असेल तर मध्यरात्री रुग्णालयाने कोणाला विचारायचे?

एक प्रत महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची असते. ती जपून ठेवणारा कस्टोडियन नेमण्याची जबाबदारी त्या संस्थेची आहे, अर्जदाराची नव्हे. ‘असे काही आमच्याकडे नसते’ हे खिडकीवरचे उत्तर म्हणूनच ग्राह्य धरू नये. लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतः असा निर्देश नोंदवला. दुसरी प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे आणि नातेवाइकांकडे असावी, कारण कपाटात कुलूपबंद राहिलेला कागद अतिदक्षता विभागापर्यंत पोहोचत नाही.

या कागदामुळे रुग्णाला अतिदक्षता विभागात दाखलच करणार नाहीत, ही भीती अनाठायी आहे. न्यूमोनियातून बरा होऊ शकणाऱ्या रुग्णाला व्हेंटिलेटर मिळतोच. रुग्ण स्वतः निर्णय घेण्यास असमर्थ असेल आणि आजारातून बरे होण्याची आशा उरली नसेल, तेव्हाच निर्देश लागू होतो. तेव्हाही आधी रुग्णालयाचे डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ आणि नंतर जिल्हा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नामनिर्देशित केलेल्या डॉक्टरांसह दुय्यम मंडळ मत देते; प्रत्येकी शक्यतो ४८ तासांत. उपचार थांबवण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते, मात्र त्यांच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. दुय्यम मंडळाने नकार दिल्यास नातेवाइकांना उच्च न्यायालयात दाद मागता येते.